न टाकलेली पावलं

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेली मंडळीही पुढे या. लांबून ऐकलेली गोष्ट अर्धी वाटेतच सांडते. गुडघे दुखत असतील त्यांनी खुशाल पाय पसरा, कारण गोष्टच मुळी पायांची आहे. तिच्यात एक देऊळ आहे, एक यंत्र आहे आणि तीन वर्षांचा एक अबोला आहे. यंत्राचं नाव ऐकून नाक मुरडू नका. ज्याने माणसाला यंत्र सुचवलं, तोच त्या देवळात बसला आहे.

साल दोन हजार एकेचाळीस. राजापूरच्या पलीकडे वेळणे नावाचं गाव. वर आठल्यांचं घर, खाली नारायणाचं देऊळ, आणि मधे जांभ्या दगडाच्या एकोणचाळीस पायऱ्यांची पाखाडी. आजूबाजूच्या घरांना कुलपं. माणसं मुंबईत, पुण्यात, त्याहून लांब. वरच्या घरात शैलजाताई आणि त्यांची सून केतकी. मुलगा निखिल जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर.

शैलजाताई कीर्तनकार. एक-दोन नव्हे, तीस कार्तिकं त्यांनी त्या देवळात उत्सवाचं कीर्तन केलं. त्यांचा आवाज असा, की शेवटच्या खांबाला टेकून डुलक्या काढणारा म्हातारासुद्धा दचकून टाळी वाजवायचा. तबल्यावर नेहमी वासुदेव पांचाळ. धंद्याने सुतार, देवळाच्या मागेच त्यांचं घर आणि दुकान. सगळे त्यांना वासूदादा म्हणत.

तीन वर्षांपूर्वीच्या उत्सवात, उत्तररंग ऐन भरात आलेला, मगरीने पाय धरलेल्या हत्तीचं आख्यान चाललेलं, आणि ताईंचा उजवा पाय विझला. हो, विझला, दुसरा शब्द नाही. दिव्यातलं तेल संपावं तसा. त्या एका अंगाला झुकल्या. वासूदादांना वाटलं, ताई रंगात आल्या, पाऊल घेतायत. तीस वर्षांची सवय. पाऊल दिसलं की हात दुगुणीत जायचाच. तबला दुप्पट धावला. त्या लयीबरोबर सावरू गेल्या आणि ताई आडव्या झाल्या. समोरच्या मंडळींनाही तो भावच वाटला. लोक टाळ्या वाजवत राहिले. चांगल्या आठ-दहा टाळ्या, ताई जमिनीवर असताना.

डॉक्टरांनी सांगितलं, नसा हळूहळू सुकतायत. लोकांनी सांगितलं, "बसून करा की कीर्तन." ताई म्हणाल्या, "बसून करतात ते प्रवचन. नारदांच्या गादीवर उभं राहायचं असतं." चिपळ्या त्यांनी देवळाच्या पेटीत पाठवून दिल्या. वासूदादा तीनदा अंगणात आले, तिन्ही वेळा ताईंनी केतकीकरवी निरोप दिला, "झोपल्यात." चौथ्यांदा ते आले नाहीत.

आता यंत्राकडे येऊ.

*

राजापूरहून कंपनीचा माणूस, इम्तियाज सोलकर, आला तो गाडीतून तीन घड्या घेऊन. चाळिशीचा गडी, जिभेवर साखर. पडवीत एकेक घडी उलगडून त्याने पाय थकलेल्यांसाठीच्या तीन स्कूटर उभ्या केल्या.

"मावशी, ही चिमणी. साडेअकरा किलो. घडी घातली की एसटीच्या सीटखाली जाते. ही घोडी. एका चार्जिंगमध्ये चाळीस किलोमीटर, चढाला दमत नाही, मागे दोन पिशव्यांची जागा."

"मला काय बाजारातून फणस आणायचेत?" ताई म्हणाल्या.

"आणि ही उभारी. हिची सीट वर उठते. कमरेला आणि गुडघ्यामागे आधार देऊन माणसाला उभं करते. पाय आपले जमिनीवरच."

ताईंनी उभारीकडे पाहिलं, आणि लगेच चिमणीकडे पाहायला लागल्या. केतकीच्या ते ध्यानात आलं नाही. तुम्ही मात्र ध्यानात ठेवा.

मग प्रश्नपत्रिका. इम्तियाजचं म्हणणं, लोक गाडी निवडताना रंग आणि वेग बघतात. बघायला हवं आपलं जगणं. दार किती रुंद? उंबरा किती उंच?

"चार बोटं," ताई म्हणाल्या.

"बोटं नकोत मावशी, सेंटिमीटर."

"मग तुझी बोटं लाव नि मोज. माझी उंबऱ्यापर्यंत पोचत नाहीत."

तो हसत वाकला, मोजलं. आठवड्यातून किती वेळा बाहेर? शून्य. घरात किती वळणं? तीन. आणि मग, "गाडी उचलायची वेळ आली तर कोण उचलणार? पोर्टेबल म्हणजे उचलता येण्याजोगी. पण कुणाला, ते आधी ठरतं. हाकेच्या अंतरावर राहणारं माणूस पाहिजे. कंपनीचा नियमच आहे."

"मी," केतकी म्हणाली.

"आणखी?"

केतकीने सासूबाईंकडे पाहिलं. हाकेच्या अंतरावर एकच घर उघडं होतं, आणि त्या घराचं नाव ह्या घरात निघत नव्हतं.

"मी एकटी. लिहा, एक."

"मग बारा किलोच्या वर जाता येणार नाही. उभारी सव्वीस किलोची, घडी घातली तरी भाग सुटे होत नाहीत, दोन बाजूंना दोन मुठी. दोन माणसांशिवाय ती मिळत नाही."

जाताना त्याने ताईंच्या चाकांच्या खुर्चीवर एक आसन घातलं. दिसायला साधी गोधडी, पण तिच्या कापडात केसाहून बारीक तार विणलेली. आता नीट ऐका, हे शास्त्र सोपं आहे. पाऊल पडतं ते दिसतं. पण पडायच्या आधी, पाव सेकंदही नसेल, मांडीचे आणि कमरेचे स्नायू तयारीला लागतात. त्यांच्यात विजेची बारीकशी कुजबुज होते. पूर्वी ती ऐकायला दवाखान्यात अंगाला तारा चिकटवाव्या लागत. ह्या नव्या कापडाला ती लुगड्यावरूनही ऐकू येई. आणि गंमत अशी, की माणसाने मनात आणून मग बेत सोडला, तरी कुजबुज होऊन गेलेली असते. पाऊल पडत नाही, पण त्याची तयारी उरते. चौदा दिवस आसन ते सगळं टिपणार, आणि मग सांगणार कोणती गाडी तुमच्या जगण्याला शोभेल.

"म्हणजे ह्याला माझ्या मनातलं कळणार?" ताईंनी विचारलं.

"मनातलं नाही मावशी. पायातलं."

ताईंना आता त्या गोधडीचं भारी कुतूहल. केतकी शाळेत शिकवायला गेली की त्या तिच्याशी बोलायच्या. "आत्ता कळलं का रे काही? अंतर्यामी तर खाली गाभाऱ्यात बसलाय. तुला कुणी नेमलं?" मुद्दाम पाय हलवायचा मनात आणायच्या आणि सोडून द्यायच्या, गोधडी फसते का बघायला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या पायांबद्दल दुःखाखेरीज दुसरं काही वाटत होतं.

*

चौदा दिवसांनी इम्तियाज अहवाल घेऊन आला. पडद्यावर घराचा नकाशा, त्यावर बारीक रेघा.

"शिफारस आलीय चिमणीची. मावशींचा दिवसभराचा वावर खोली, पडवी, तुळस. एकूण अडतीस मीटर."

"माझं आयुष्य अडतीस मीटर?"

"मोजलं तेवढं, मावशी." त्याने पान उलटलं. "आणि हे शेवटचं पान. न टाकलेली पावलं. म्हणजे पाय निघाला, पण माणूस गेलं नाही. साधारण दिवसाला दोन-चार असतात. तहान लागते, उठावंसं वाटतं, आळस येतो. तुमची चौदा दिवसांत दोनशे तीन."

"मुद्दाम केलेली धरलीस का त्यात? मी त्याला फसवत होते."

"ती त्याने वगळली. ओळखली त्याने." इम्तियाज हसला. "ही सगळी एकाच वेळेची. संध्याकाळी पाच ते साडेपाच. आणि दिशाही एकच, पुढचं दार."

रजा घेऊन घरी थांबलेल्या केतकीच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिने तसाच खाली ठेवला. शाळेतून ती रोज पाचला घरी येई.

इम्तियाज चहा पिऊन गावातल्या दुसऱ्या कामाला गेला, चिमणी दोन दिवस वापरून बघा म्हणाला. तो वळताच केतकी बोलली. आवाज चढला नाही, म्हणून जास्तच लागला.

"आई, मी आले की तुम्हाला बाहेर जावंसं वाटतं?"

"अगो, काहीतरीच काय!"

"मी नाही म्हणत, तुमचे पाय म्हणतायत. दोनशे तीन वेळा. तीन वर्षं मी दुसरीकडच्या बदल्या नाकारल्या. तुम्हाला मी नको होते तर सांगायचंत. मी निखिलला कळवलं असतं."

खरं सांगायचं तर ताईंनाही काही कळत नव्हतं. पाय त्यांचे, पण बातमी त्यांनाच नवीन. त्या पडद्यावरच्या तारखा न्याहाळत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "केतकी, हा रविवार आहे. आणि हा दुसरा. रविवारी तू सकाळपासून घरात होतीस ना? तरी पाय पाचलाच निघाले."

"मग?"

"मग मला काय ठाऊक! किती वाजले आता?"

पाचला दोन मिनिटं होती. दोघी बसून राहिल्या. खाली दुकानातली करवत थांबली. थोडा वेळ नुसता वारा. आणि मग पाखाडीखालून आवाज आला. टक. टक. हातोडीचा गट्ट्यावर. मग बोटाचा एक टणत्कार. पुन्हा हातोडी.

वासूदादा देवळात तबला लावत होते.

"रोज लावतात," केतकी म्हणाली. "कीर्तन असो-नसो. मी येताना बघते की."

ताईंनी मान कलती केली. तबला चढत चढत एका जागी येऊन थांबला, आणि ताईंचा हात आपोआप कानाशी गेला. "काळी चार," त्या पुटपुटल्या. "माझी पट्टी. अगो, तीन वर्षांत किती कीर्तनकार येऊन गेले, कुणाची काळी एक, कुणाची पांढरी दोन. हा बाबा रोज माझ्याच पट्टीत लावतोय."

त्यांचे पाय खुर्चीपाशी जागच्या जागी बारीक थरथरले. गोधडीने ते टिपलं असेलच. केतकीनेही टिपलं. ती उठली आणि सासूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. "हे तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"कानाला माहीत होतं. पायाला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही."

मग अवघडून, लहान मुलाने खाऊ मागावा तशा ताई म्हणाल्या, "केतकी, मला चिमणी नको. उभारी हवी."

"आई, सव्वीस किलो. रकान्यात मी एकटी आहे."

"तोच रकाना म्हणते मी."

*

ताई चिमणीवर बसून निघाल्या. उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं, आणि पाखाडीच्या डोक्याशी येऊन थांबल्या. इथून पुढे चिमणीचं काही चालत नव्हतं. एकोणचाळीस पायऱ्या. खाली देवळाचं छप्पर, आणि तबल्याचा आवाज.

"मी जाऊन बोलावून आणू?" केतकीने विचारलं.

"तू नको. 'झोपल्यात' सांगायला मी तुला पाठवायचे. जाग आल्याचं माझं मला सांगू दे."

तीन वर्षं ताईंचा आवाज घराबाहेर गेला नव्हता. ताईंनी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. हाक मारायची आणि खालून उत्तर आलं नाही तर? तबला तसाच वाजत राहिला तर? त्यांनी डोळे मिटले.

"वासूदादा!"

आवाज थोडा फाटला, पण खालपर्यंत गेला. तबला थांबला. मग काहीच नाही. एक क्षण, दोन क्षण. आणि पायऱ्यांवर चपला वाजल्या. हातात हातोडी तशीच, धापा टाकत, साठी उलटलेले वासूदादा वर येत होते. चार पायऱ्या खालीच ते थांबले.

"काय वो ताई? जाग्या आहात व्हय आज?"

"टोमणा मारायला आलात?"

"टोमणा नाय. तीन वर्सं झोपलेलं माणूस उठलं, तर इचारावं लागतं."

ताईंना हसू आलं, आणि हसूबरोबर दुसरंही काही आलं. ते त्यांनी पदराने टिपलं. "एक कागद भरायचाय. गाडी उचलायला कोण, असा रकाना आहे. त्यात तुमचं नाव घालू का?"

वासूदादांनी हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझं? माझ्या हातामुळंच तुम्ही पडलात."

"तो हात नको आहे मला. उचलायचा हवाय."

"किती किलो?"

"सव्वीस."

"सागाचा दरवाजा चाळीस किलोचा असतो," वासूदादा म्हणाले. "घाला नाव."

*

उत्सवाला तीन आठवडे होते. उभारी आली. वासूदादा रोज पाचला तबला घेऊन वर यायला लागले. पडवीत गाडीने ताईंना उभं केलं तेव्हा त्यांनी तीन वर्षांनी घराचं आढं उभ्याने पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, इथे जळमटं झालीत!"

पण एक अडचण निघाली. ठेक्यावर ताई जरा झुकल्या, की गाडी कुलूप लावल्यासारखी घट्ट व्हायची आणि गोड आवाजात म्हणायची, "सावधान. तोल जात आहे."

"मेल्या, पडत नाहीये, नाचतेय!" ताई ओरडायच्या.

इम्तियाजला बोलावलं. त्याने गाडीचा पडदा उघडून दोन रेघा दाखवल्या. "हिला दोन्ही सारखंच वाटतंय. शिकवायला लागेल. बघा, पाऊल टाकायचं असतं तेव्हा आधी स्नायू जागा होतो, रेघ वर उठते. नस दगा देते तेव्हा उलट. आधी स्नायू गप्प होतो, रेघ सपाट होते, आणि मग माणूस झुकतं. बाहेरून झुकणं एकच. आतून दोन."

आठ दिवस हाच अभ्यास. वासूदादा ठेका धरत, ताई पाऊल घेत, आणि इम्तियाज गाडीला सांगे, हे पाऊल, हे पाऊल, हे नव्हे. पायाने तीनदा खरोखर दगा दिला. तिन्ही वेळा गाडीने धरलं, आणि ती शिकली. शेवटच्या दिवशी वासूदादांनी तबल्यावरचा हात उचलला आणि पडद्याकडे बोट केलं.

"इम्तियाजभाय, त्या दिवसाची रेघ कशी असंल?"

"सपाट, दादा."

"मी बघत होतो. पायाकडंच बघत होतो. दिसली असती मला?"

"डॉक्टरांनाही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. कुणालाच नसती दिसली."

वासूदादा बराच वेळ तबल्याच्या शाईवर बोट फिरवत राहिले. तीन वर्षं खांद्यावर वागवलेलं ओझं असं एका रेघेने उतरत नाही. पण उतरायला लागतं. ताई वरून म्हणाल्या, कारण त्या उभ्या होत्या, "वासूदादा, मी तुमच्यावर रागावलेच नव्हते. टाळ्यांवर रागावले होते. टाळ्यांना दारातून परत पाठवता येत नाही, म्हणून तुम्हाला पाठवलं."

"बरी सोय केलीत," वासूदादा म्हणाले. मग इम्तियाजला विचारलं, "ती रेघ सपाट झाली की मागनं मला कळंल असं काय करता येईल? दिवा-बिवा?"

इम्तियाजने गाडीच्या पाठीला एक छोटा दिवा जोडला. स्नायू जागा असला की हिरवा, गप्प झाला की केशरी.

*

कार्तिकातली ती संध्याकाळ. वासूदादांनी सागाची एक खुर्ची केली होती, दोन बाजूंना दोन दांडे. आधी उभारी खाली गेली, एक मूठ केतकीच्या हातात, एक वासूदादांच्या. मग खुर्चीसकट ताई. त्यासाठी मात्र हात कमी पडले नाहीत. उत्सवाला आलेली मुंबईकर मंडळी खांदा द्यायला भांडत होती.

ताई गादीवर उभ्या राहिल्या. अनवाणी, पाय थंड फरशीवर. पेटीतून आलेल्या चिपळ्या हातात. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, हार पडला, त्यांनी पदर कमरेला खोचला. आणि आख्यान त्यांनी तेच धरलं. मगरीने पाय धरलेल्या हत्तीचं.

हत्तीने बळ लावलं, सरलं. सोबत्यांनी ओढलं, दमले, गेले. तळ्यात एकटा हत्ती आणि पाण्याखाली धरलेला पाय. ताईंचं पाऊल सुटलं, तबला दुगुणीत गेला, सभामंडप हलायला लागला. हत्तीने सोंड वर केली, हाक मारायला.

मागचा दिवा केशरी झाला.

वासूदादांचा हात दुगुणीच्या मध्यावर होता. तिथून मागे येणं म्हणजे उतारावरचा गाडा धरणं. त्यांनी धरला. एका मात्रेत लय निम्म्यावर आणली, हलकी, बरोबरीची. गाडीने गुडघ्यामागे हात दिल्यासारखा आधार दिला. ताई झुकल्या नाहीत. त्या संथ झालेल्या लयीत त्यांनी थांबून, स्वच्छ, एकट्या आवाजात देवाला हाक मारली. पाखाडीच्या डोक्यावरून मारली होती तशीच. मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. कुणाला सुचलीच नाही. शेवटच्या खांबाजवळचा म्हातारा डोळे पुसत होता.

दिवा पुन्हा हिरवा झाला. हत्ती सुटला.

आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता मुंबईहून आलेल्या एक काकू दुसरीला म्हणाल्या, "कीर्तन छानच हो. पण तबला मधेच जरा ढिला पडला, नाही? वय झालं त्यांचं."

केतकी रागाने वळली. वासूदादांनी तिला डोळ्यांनी थांबवलं. "होय वो, काकू," ते म्हणाले, "वय झालं." आणि ताईंकडे पाहून ते असे हसले, की ताईंच्या हातातला प्रसाद सांडला.

झाली गोष्ट. आता उठा, पण उठताना एवढं करा. उद्या तुमच्याही घरी असा कागद येईल, कुणाचे ना कुणाचे पाय थकतीलच. दार मोजाल, उंबरा मोजाल. मग तो रकाना येईल, उचलणारं माणूस किती. तिथे घाईने 'एक' लिहू नका. पेन जरा थांबवा, संध्याकाळी पाच वाजता कुठून काही ऐकू येतंय का बघा, आणि वेळण्याच्या वासूदादांची तेवढी आठवण काढा. कीर्तन होणार नाही हे ठाऊक असूनही तीन वर्षं ज्यांनी रोज दुसऱ्याच्या पट्टीत तबला लावून ठेवला, त्या वासूदादांची.